प्रथिनांच्या वळणांचा नकाशा आखणारे रामचंद्रन

विशेष प्रतिनिधी, जळगाव

जळगावच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठात किंवा धुळे, शिरपूर येथील महाविद्यालयांत जीवरसायनशास्त्र वा औषधनिर्माणशास्त्र शिकणाऱ्या विद्यार्थ्याची एका चौकोनाशी कधी ना कधी गाठ पडतेच. चौकोनाच्या आडव्या बाजूवर उणे १८० ते अधिक १८० अंश, उभ्या बाजूवरही तेवढेच अंश, आणि मध्ये समुद्रात बेटे उमटावीत तसे दोन-तीन रंगीत डाग. बाकी सारा चौकोन कोरा. या आकृतीला 'रामचंद्रन आलेख' म्हणतात. परीक्षेत ती काढून दाखवली की गुण मिळतात आणि विद्यार्थी पुढच्या प्रश्नाकडे वळतो. आकृतीला ज्यांचे नाव आहे ते गोपालसमुद्रम नारायण रामचंद्रन हे जीवशास्त्राचे नव्हे, तर भौतिकशास्त्राचे प्राध्यापक होते, हे मात्र अनेकांच्या गावीही नसते. हा चौकोन एका टीकेला दिलेल्या उत्तरातून जन्माला आला, ही गोष्ट तर पाठ्यपुस्तकांत सहसा येत नाही.

प्रथिनाच्या आकाराची चर्चा खानदेशाला परकी वाटण्याचे कारण नाही. सातपुड्याच्या पायथ्याच्या चोपडा, यावल, शिरपूर या तालुक्यांत आणि पश्चिमेकडे साक्रीच्या पट्ट्यात आदिवासी पाड्यांवर सिकलसेल हा आजार पिढ्यान् पिढ्या ठाण मांडून आहे. रक्तातील हिमोग्लोबिन या प्रथिनाच्या बीटा साखळीत १४६ अमिनो आम्ले असतात. त्यांपैकी सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन आले की प्राणवायू सोडून दिलेले हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटून लांब दोर बनतात आणि गोल रक्तपेशी विळ्यासारखी वाकते. १४६ जागांपैकी एका जागेवरचा हा बदल माणसाला आयुष्यभर वेदना देतो. हा रेणूचा आजार आहे, हे अमेरिकी शास्त्रज्ञ लायनस पाउलिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४९ मध्ये दाखवले. केंद्र सरकारने सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान जुलै २०२३ मध्ये सुरू केले. प्रथिन म्हणजे केवळ आहारातली डाळ आणि अंडी नव्हे. प्रथिन म्हणजे आकार, आणि आकार बिघडला की काम बिघडते. हा आकार कोणत्या नियमांनी ठरतो, हा विसाव्या शतकातील एक मोठा प्रश्न होता आणि त्याच्या उत्तराचा एक मूलभूत तुकडा मद्रासमध्ये सापडला.

रामचंद्रन यांचा जन्म ८ ऑक्टोबर १९२२ रोजी केरळमधील एर्नाकुलम येथे झाला. वडील नारायण अय्यर तेथील महाराजा महाविद्यालयात गणिताचे प्राध्यापक होते आणि पुढे प्राचार्य झाले. घरात गणित पाण्यासारखे वाहत असल्याने मुलाला भूमिती आणि बीजगणिताची गोडी शाळेआधीच लागली, असे म्हणायला हरकत नाही. तिरुचिरापल्लीच्या सेंट जोसेफ महाविद्यालयातून १९४२ मध्ये त्यांनी भौतिकशास्त्राची ऑनर्स पदवी घेतली आणि त्याच वर्षी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रवेश मिळवला. गंमत अशी की, तो प्रवेश विद्युत अभियांत्रिकीसाठी होता. त्या वेळी संस्थेत भौतिकशास्त्राची धुरा सर चंद्रशेखर वेंकट रामन यांच्याकडे होती. त्यांची पारखी नजर या तरुणावर पडली आणि रामचंद्रन यांची रवानगी विद्युत विभागातून भौतिकशास्त्राकडे झाली.

रामन यांच्या पारखीपणाचे गोडवे गाताना एक आठवण मराठी वाचकांनी बाजूला ठेवू नये. याच संस्थेत १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठातून पहिल्या आलेल्या कमला भागवत, म्हणजेच पुढच्या डॉ. कमला सोहोनी, यांना केवळ स्त्री म्हणून याच रामन यांनी प्रवेश नाकारला होता. त्यांनी हट्ट सोडला नाही, तेव्हा वर्षभराच्या अटीवर त्यांना घेण्यात आले. सोहोनी यांनी तेथे दूध आणि कडधान्यांतील प्रथिनांवर काम केले. प्रथिनांचा अभ्यास बंगळूरच्या त्या आवारात रामचंद्रन यांच्या आधी एका मराठी मुलीने केला होता, आणि तोही दार ठोठावून.

रामन यांच्या हाताखाली रामचंद्रन यांनी स्फटिकांचे प्रकाशीय गुणधर्म आणि हिऱ्याची क्ष-किरणांनी होणारी तपासणी यांवर काम केले. स्फटिकावर क्ष-किरण सोडायचे, पलीकडच्या फिल्मवर उमटलेले ठिपके वाचायचे आणि त्यावरून आत अणू कसे रचले आहेत ते ओळखायचे, ही विद्या त्यांनी येथे आत्मसात केली. मद्रास विद्यापीठाने १९४७ मध्ये त्यांना डी.एस्सी. ही पदवी दिली. त्यानंतर दोन वर्षे ते केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत होते. सर लॉरेन्स ब्रॅग तेव्हा त्या प्रयोगशाळेचे प्रमुख होते. रामचंद्रन यांचे काम वूस्टर यांच्याबरोबर चालले होते. विषय होता, क्ष-किरणांच्या विखुरण्यावरून स्फटिकाची लवचिकता मोजणे. जीवशास्त्राशी या विषयाचा काडीमात्र संबंध नव्हता. मात्र त्याच इमारतीत मॅक्स पेरुत्झ आणि जॉन केंड्र्यू प्रथिनांच्या स्फटिकांशी झगडत होते. लायनस पाउलिंग यांना ऐकण्याची आणि भेटण्याची संधीही रामचंद्रन यांना केंब्रिजमध्येच मिळाली.

डॉक्टरेट घेऊन ते १९४९ मध्ये बंगळूरला परतले आणि १९५२ मध्ये, तिशीच्या उंबरठ्यावर असताना, मद्रास विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागाचे प्रमुख झाले. कुलगुरू डॉ. लक्ष्मणस्वामी मुदलियार यांना नव्या विभागासाठी माणूस हवा होता आणि रामन यांनी रामचंद्रन यांचे नाव सुचवले होते. विभाग नवा, हाताशी माणसे थोडी आणि साधने त्याहून थोडी, अशी स्थिती होती. कोणता विषय हाती घ्यावा, हा प्रश्न त्याच वर्षी मद्रासला आलेले ब्रिटिश शास्त्रज्ञ जे. डी. बर्नाल यांच्याशी झालेल्या चर्चेतून सुटला. कोलॅजेन या प्रथिनाची रचना अजून कोणालाही समाधानकारकपणे उलगडलेली नाही, ही गोष्ट बर्नाल यांनी त्यांच्या लक्षात आणून दिली.

कोलॅजेन हे शरीरात सर्वाधिक आढळणारे प्रथिन. कातडी, हाडे, कूर्चा आणि स्नायूंना हाडांशी बांधणाऱ्या कंडरा यांचा मुख्य माल तोच. शरीरातील एकूण प्रथिनांपैकी सुमारे एक-चतुर्थांश ते एक-तृतीयांश वाटा त्याचा असतो. चामडे कमावणाऱ्याच्या दृष्टीने चामडे म्हणजे प्रामुख्याने कोलॅजेनच. मद्रासची केंद्रीय चर्मसंशोधन संस्था विद्यापीठाच्या शेजारीच होती, हाही एक योग. रामचंद्रन आणि त्यांचे सहकारी गोपीनाथ कर्ता यांनी कांगारूच्या शेपटीतील कंडरेवर क्ष-किरण सोडून मिळालेली चित्रे अभ्यासली.

त्यांच्यापुढे दोन धागेदोरे होते. कोलॅजेनमधील अमिनो आम्लांपैकी जवळजवळ एक-तृतीयांश ग्लायसिन असते. ग्लायसिन हे सर्वांत लहान अमिनो आम्ल. दुसरे म्हणजे प्रोलिन आणि हायड्रॉक्सिप्रोलिन यांचे प्रमाण त्यात असाधारण आहे. तिसऱ्या भागाइतके ग्लायसिन असेल, तर साखळीत दर तिसऱ्या जागी ग्लायसिनच असले पाहिजे. आणि तसे असेल, तर त्या जागी मोठ्या अमिनो आम्लाला शिरायला वाव नसला पाहिजे. या तर्काने त्यांनी तीन साखळ्या शेजारी-शेजारी ठेवल्या आणि ग्लायसिनला आतल्या बाजूला, तिन्ही साखळ्यांच्या मधल्या अडचणीच्या जागी बसवले. ही रचना १९५४ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. वर्षभरात त्यांनी तीत सुधारणा केली. प्रत्येक साखळी स्वतःभोवती डावीकडे वळते आणि तिन्ही मिळून एकमेकींभोवती उजवीकडे पीळ घेतात, असे नवे प्रारूप त्यांनी १९५५ मध्ये मांडले. दोर वळताना हाच तर हिशेब असतो. पेडाचा पीळ एका दिशेला आणि तीन पेड एकत्र वळण्याची दिशा उलटी. म्हणून दोर सुटत नाही. शेतकऱ्याच्या चऱ्हाटातील ही युक्ती निसर्गाने आपल्या कंडरांत केव्हाच वापरली होती.

यानंतर जे घडले ते रामचंद्रन यांच्या आयुष्यातील सर्वांत अवघड प्रकरण ठरले. केंब्रिजमध्ये काम करणाऱ्या अलेक्झांडर रिच आणि फ्रान्सिस क्रिक यांनी १९५५ मध्येच कोलॅजेनवर आपला निबंध प्रसिद्ध केला. क्रिक म्हणजे दोनच वर्षांपूर्वी वॉटसन यांच्यासह डीएनएचे दुहेरी मळसूत्र मांडणारे. त्यांच्या शब्दाला जगभर वजन होते. तीन साखळ्यांचा पीळ त्यांनाही मान्य होता. मात्र मद्रासच्या प्रारूपात काही अणू एकमेकांच्या फारच जवळ आले आहेत, इतके जवळ येणे शक्य नाही, असा त्यांचा आक्षेप होता. साखळ्यांना बांधून ठेवणारे हायड्रोजन बंध दर तीन अमिनो आम्लांमागे दोन की एक, यावरही मतभेद होता. रामचंद्रन दोन म्हणत होते, रिच आणि क्रिक एक. पुढे या दुसऱ्या मुद्द्यावर कौल मुख्यतः रिच आणि क्रिक यांच्या बाजूने गेला. थेट बंध एकच असतो आणि दुसरा पाण्याच्या रेणूच्या मध्यस्थीने जुळू शकतो, अशी सुधारित मांडणी रामचंद्रन यांच्या गटाने १९६८ मध्ये केली. तीनपेडी रचनेची मूळ कल्पना मात्र मद्रासची होती. पाश्चात्त्य लेखनात तिचे श्रेय अनेकदा हातचे राखून दिले गेले, याची खंत भारतीय संशोधकांच्या मनात दीर्घकाळ राहिली. ती अनाठायी होती असे म्हणता येणार नाही.

अशा प्रसंगी माणूस एक तर चिडून वाद घालत बसतो किंवा विषय सोडून देतो. रामचंद्रन चिडले नसतील असे नाही. स्वभावाने ते तीव्र होते. पण त्यांनी आक्षेपातील एका शब्दाला धरले. अणू फार जवळ आले म्हणता, तर मग फार जवळ म्हणजे नेमके किती? कार्बनच्या अणूपासून दुसरा कार्बन किती अंतरापर्यंत येऊ शकतो, ऑक्सिजन किती, हायड्रोजन किती? या प्रश्नाचे निःसंदिग्ध उत्तर तेव्हा कोणापाशीच तयार नव्हते. टीका करणाऱ्यांपाशीही नव्हते.

मग मद्रासमध्ये एक अत्यंत कंटाळवाणे काम सुरू झाले. अमिनो आम्ले आणि लहान पेप्टाइड यांच्या ज्या ज्या स्फटिकरचना तोपर्यंत प्रसिद्ध झाल्या होत्या, त्या साऱ्या गोळा करण्यात आल्या आणि एकमेकांना न जोडलेले अणू त्यांत किती जवळ आले आहेत याची मोजदाद झाली. त्यातून दोन मर्यादा ठरल्या. एक नेहमीची आणि दुसरी अगदी टोकाची, क्वचित ओलांडली जाणारी. दोन कार्बन अणूंसाठी नेहमीची मर्यादा ३.२ अँगस्ट्रॉम, टोकाची ३.० अँगस्ट्रॉम, दोन हायड्रोजन अणूंसाठी नेहमीची २.० अँगस्ट्रॉम. एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग.

येथे भौतिकशास्त्राचा खरा प्रवेश होतो. प्रथिनाची साखळी अमिनो आम्लांच्या दुव्यांनी बनते. दोन दुव्यांना जोडणारा पेप्टाइड बंध ताठ असतो, सपाट पाटीसारखा. तो वळत नाही, हे पाउलिंग आणि कोरी यांनी आधीच दाखवले होते. म्हणजे साखळीचा कणा हा एकापुढे एक जोडलेल्या पाट्यांचा झाला. दोन पाट्यांच्या मधल्या सांध्यावर एक कार्बन अणू असतो आणि त्याच्या दोन्ही बाजूंना मिळून दोनच वळणे शक्य असतात. त्या दोन कोनांना ग्रीक अक्षरांवरून फाय आणि साय ही नावे दिली गेली. साखळीतील प्रत्येक सांध्याचे हे दोन कोन सांगितले की तिच्या संपूर्ण कण्याचा आकार सांगितल्यासारखे होते. हजारो अणूंचा गुंता प्रत्येक सांध्यामागे दोन आकड्यांवर आला.

आता प्रश्न उरला की, या दोन कोनांच्या कोणकोणत्या जोड्या शक्य आहेत. रामचंद्रन यांनी अणूंना टणक गोळ्या मानले. विद्युतभाराचा हिशेब नाही, पुंजसिद्धांताची समीकरणे नाहीत. एका गोळीच्या जागेत दुसरी शिरू शकत नाही, एवढाच नियम. अणू जागा व्यापतात, हा विचार डच शास्त्रज्ञ व्हान डर वाल्स यांनी वायूंच्या संदर्भात १८७३ मध्ये मांडला होता. तोच येथे साखळीला लावला गेला. जळगाव-धुळे मार्गावरच्या खचाखच भरलेल्या एस.टी.मध्ये प्रवाशाने कोपर कोठे ठेवावे, हे त्याच्या इच्छेपेक्षा शेजाऱ्याच्या बरगड्या ठरवतात. प्रथिनाच्या सांध्याचेही तसेच असते.

हिशेबाचे काम जी. एन. रामचंद्रन यांच्यासह सी. रामकृष्णन आणि व्ही. शशिशेखरन या तरुण सहकाऱ्यांनी केले. संगणक हाताशी नव्हता. फाय आणि साय ठरावीक अंशांनी बदलायचे, प्रत्येक वेळी सर्व अणूंची स्थाने काढायची, प्रत्येक जोडीतले अंतर मोजायचे आणि मर्यादेच्या आत आलेले अंतर दिसले की त्या जोडीवर फुली मारायची, असे ते काम टेबलावरच्या साध्या गणनयंत्रावर पुरे करण्यात आले. आज असा हिशेब मोबाईल फोनही डोळ्याचे पाते लवते न लवते तोच करू शकेल.

निष्कर्ष मात्र कोणालाही चकित करणारा होता. चौकोनाचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग निषिद्ध ठरला. साखळी कशीही वळू शकेल असे वरवर वाटते, प्रत्यक्षात बहुतेक वळणे तिला बंद आहेत. उरलेल्या लहान बेटांपैकी एका बेटावर पाउलिंग यांचे अल्फा मळसूत्र नेमके बसत होते. दुसऱ्यावर रेशमासारख्या प्रथिनांतील ताणलेली बीटा रचना आणि कोलॅजेनची तीनपेडी साखळी यांना जागा होती. ज्या प्रारूपात अणू फार जवळ आल्याचा ठपका होता, त्या कोलॅजेनची साखळी अनुमत प्रदेशात सुखाने नांदू शकते, हे त्यातून दिसले. ग्लायसिनला बाजूची शाखा नसल्याने त्याला मोकळीक अधिक. त्याचे बेट इतरांपेक्षा बरेच मोठे. हा निबंध १९६३ मध्ये 'जर्नल ऑफ मॉलिक्युलर बायॉलॉजी' या नियतकालिकात अवघ्या पाच पानांत प्रसिद्ध झाला. केंड्र्यू यांनी तोवर मायोग्लोबिन या प्रथिनाची रचना प्रयोगाने उलगडली होती. तिचे कोन या चौकोनात मांडले तेव्हा बहुतेक ठिपके अनुमत बेटांवरच पडले. एक गट प्रयोगशाळेत वर्षानुवर्षे राबून जेथे पोचला, तेथील सीमारेषा दुसऱ्याने कागदावर आखून ठेवल्या होत्या.

या नकाशाने प्रथिनाच्या घडीचे कोडे सुटले, असे मात्र मानू नये. कोणते वळण अशक्य, एवढेच तो सांगतो. साखळी कोणत्या वाटेने जाऊन घडी घालते, हे सांगत नाही. अमेरिकेत ख्रिश्चन अन्फिन्सन यांनी उलगडलेले प्रथिन परीक्षानळीत पुन्हा आपोआप मूळ आकार धारण करते हे दाखवले आणि त्याबद्दल त्यांना १९७२ मध्ये नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. म्हणजे आकाराची आज्ञा साखळीतच लिहिलेली असते. पण सायरस लेव्हिन्थल या मुळात भौतिकशास्त्रज्ञ असलेल्या संशोधकाने १९६९ च्या सुमारास एक पेच टाकला. शंभर अमिनो आम्लांची साखळी घ्या, प्रत्येकाला केवळ तीन ठेवणी द्या. एकूण शक्यता तीनचा शंभरावा घात, म्हणजे पाचावर ४७ शून्ये. एकेक चाचपत बसल्यास विश्वाचे आजवरचे वय पुरणार नाही. प्रत्यक्षात अनेक प्रथिने सेकंदाच्या अंशात घडी घालतात. रामचंद्रन यांच्या नकाशाने शक्यता कितीतरी घटवल्या तरी पेच उरतोच.

त्यावरचा मार्ग भौतिकशास्त्राच्याच एका आडवळणाने आला. काही मिश्रधातूंमध्ये सूक्ष्म चुंबक विस्कळीतपणे विखुरलेले असतात. एका शेजाऱ्याचे ऐकावे तर दुसरा नाराज होतो, अशी त्यांची कुचंबणा होते. या चुंबकांसाठी रचलेले गणित ब्रिंगेलसन आणि वोलाइन्स यांनी १९८७ मध्ये प्रथिनांना लावले. उत्क्रांतीने ज्या साखळ्या निवडल्या त्यांत ही कुचंबणा कमीत कमी आहे, म्हणून त्यांची ऊर्जा नरसाळ्यासारखी एका तळाकडे उतरत जाते, असा त्यांचा सिद्धांत. सातपुड्याच्या उतारावर पडलेला पाऊस तापीत पोचण्यासाठी सारे डोंगर धुंडाळत नाही; अनेर असो की सुकी, उतार त्याला खाली आणतो. मात्र वाटेत एखादा डबका लागला तर पाणी तेथेच अडून राहते. चुकीच्या घडीत अडकलेल्या प्रथिनांचे असेच होते आणि मेंदूच्या काही असाध्य विकारांशी त्याचा संबंध आहे. या सिद्धांतातील प्रत्येक उताराखालची जमीन रामचंद्रन यांनी मोजलेली आहे. जेथे अणूवर अणू चढतो तेथे वाटच नाही.

रामचंद्रन यांचे लक्ष तोवर दुसरीकडेही वळले होते. मुदलियार यांची कुलगुरुपदाची २७ वर्षांची कारकीर्द १९६९ मध्ये संपली आणि त्यानंतर लवकरच रामचंद्रन यांनी मद्रास सोडले. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत १९७१ मध्ये त्यांनी रेण्वीय जीवभौतिकी विभाग उभा केला. शिकागो विद्यापीठातही ते अधूनमधून शिकवत. १९७१ मध्येच ए. व्ही. लक्ष्मीनारायणन यांच्यासह त्यांनी आणखी एक निबंध प्रसिद्ध केला. एखाद्या वस्तूच्या अनेक बाजूंनी घेतलेल्या सपाट छायांवरून तिचे आतले चित्र पुन्हा कसे उभे करावे, याची सोपी आणि वेगवान गणिती रीत त्यात होती. रेडिओ खगोलशास्त्रात ब्रेसवेल आणि रिडल यांनी तशीच रीत १९६७ मध्ये स्वतंत्रपणे काढली होती. आज जळगाव वा धुळ्याच्या रुग्णालयात अपघातग्रस्ताच्या डोक्याचे सी.टी. स्कॅन होते, त्या यंत्रविद्येच्या पाठ्यपुस्तकात या दोघांच्या नावांचा 'राम-लॅक' गाळणी म्हणून उल्लेख असतो. सी.टी. स्कॅनबद्दलचे १९७९ चे नोबेल कॉर्मॅक आणि हाउन्सफील्ड यांना मिळाले. रामचंद्रन यांना ना प्रथिनांसाठी नोबेल मिळाले ना स्कॅनसाठी. शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार १९६१ मध्ये आणि लंडनच्या रॉयल सोसायटीचे सदस्यत्व १९७७ मध्ये त्यांना मिळाले. देशाच्या पद्म सन्मानांच्या यादीत मात्र त्यांचे नाव नाही. ज्या देशात चित्रपटातील नायकांना हे सन्मान सहज मिळतात, तेथे या वगळण्याचे स्पष्टीकरण देणे सोपे नाही.

निवृत्तीनंतरच्या वर्षांत ते तर्कशास्त्राकडे वळले. होय आणि नाही यांच्या पलीकडे 'कदाचित' आणि 'सांगता येत नाही' अशा अवस्था मानणाऱ्या जैन स्याद्वादाच्या विचारावरून स्फुरलेली एक तर्कपद्धती त्यांनी गणिताच्या भाषेत मांडली आणि तिला 'स्याद् न्याय' असे नाव दिले. प्रथिनांच्या अभ्यासकांना हे वळण काहीसे अनपेक्षित वाटले. परंतु अनुमत, टोकाचे आणि निषिद्ध असे तीन प्रदेश आखणाऱ्या माणसाला दोनच उत्तरे अपुरी वाटावीत, यात फारसे नवल नाही.

मध्यंतरी प्रथिनांच्या अभ्यासाची दुनिया पार बदलली. संगणकाला साखळीचा क्रम दिला की तो आकार वर्तवतो, असे 'अल्फाफोल्ड' या कार्यक्रमाने २०२० मध्ये करून दाखवले. त्याचे निर्माते हसाबिस व जंपर आणि नवी प्रथिने रचणारे बेकर यांना २०२४ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. असे असूनही प्रयोगाने उलगडलेली नवी प्रथिनरचना जागतिक संग्रहात दाखल होते तेव्हा तिच्या तपासणी अहवालात एक रकाना ठरलेला असतो, किती अमिनो आम्ले रामचंद्रन आलेखाच्या बाहेर पडली. संख्या जास्त असेल तर रचना पुन्हा तपासावी लागते. शिरपूरच्या औषधनिर्माण महाविद्यालयातील विद्यार्थी एखाद्या औषधासाठी प्रथिनाचे संगणकीय प्रारूप तयार करतो, तेव्हा त्यालाही याच कसोटीतून जावे लागते. संगणकाला घडीचे भाकीत साधले, तरी ती घडी भौतिकदृष्ट्या शक्य आहे की नाही हे तपासण्याची पहिली फुटपट्टी अजूनही १९६३ मधलीच आहे.

रामचंद्रन यांना अखेरच्या वर्षांत कंपवाताने गाठले. हालचाली मंदावत गेल्या, लेखन थांबले. पत्नी राजलक्ष्मी यांचे १९९८ मध्ये निधन झाले आणि त्या आघातातून ते पुरते सावरले नाहीत. आंतरराष्ट्रीय स्फटिकशास्त्र संघटनेने १९९९ मध्ये त्यांना एवाल्ड पारितोषिक जाहीर केले, तेव्हा त्यांची प्रकृती फारच खालावली होती. पुत्र रमेश नारायण हे हार्वर्डमध्ये कृष्णविवरांचा अभ्यास करणारे नामवंत खगोलभौतिकशास्त्रज्ञ आहेत. ७ एप्रिल २००१ रोजी, वयाच्या ७८ व्या वर्षी, चेन्नई येथे रामचंद्रन यांचे निधन झाले.